गोपनीय शेरा आणि तोंडावरचा शब्द

आपल्या कचेऱ्यांत व शाळांत कनिष्ठाच्या कामातील उणीव पुष्कळदा त्याच्याखेरीज सर्वांना ठाऊक असते. वरिष्ठ ती इतरांजवळ बोलतात, वर्षअखेरीस गोपनीय अहवालात लिहितात; ज्याने सुधारावयाचे, त्याच्याशी मात्र बोलत नाहीत. या मौनास आपण सौजन्य म्हणतो. वस्तुतः ती कर्तव्यातील कसूर होय.

या मौनाची किंमत देव दत्त प्रकरणात दिसून आली. सीमा रस्ते संघटनेतील या अभियंत्यास १९९३-९४ या वर्षासाठी ‘चांगला’ असा शेरा मिळाला होता. बढतीसाठी मात्र ‘अतिशय चांगला’ हा शेरा आवश्यक होता. वरकरणी स्तुतीचा शब्दच त्यांच्या आड आला आणि तो त्यांना कळविलाही गेला नव्हता. प्रत्येक शेरा, मग तो प्रतिकूल असो वा नसो, कर्मचाऱ्यास कळविलाच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिला. सुखदेव सिंग प्रकरणात २०१३ साली त्यावर शिक्कामोर्तब झाले. शेरा कळला तर माणूस सुधारू शकतो किंवा दाद मागू शकतो, ही त्यामागील भूमिका.

परंतु न्यायालय फार तर कागद हाती देववू शकते. संवाद घडवू शकत नाही. सरलेल्या वर्षाचा शेरा पुढील वर्षी मिळणे म्हणजे परीक्षेनंतर पाठ्यपुस्तक मिळणे. माहितीचे मोल ती वेळेवर मिळण्यात असते, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व येथेही लागू पडते.

१९९८ साली धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्यात हा प्रश्न अधिक बोचतो. अक्कलकुवा-धडगावकडील बदली ही शिक्षाच, असे मानणारे अनेक आहेत. आणि नेमणूकच शिक्षा वाटली की वरिष्ठाचा शब्द दुसरी शिक्षा वाटू लागतो. समजा, सपाटीवरून आलेले एक शिक्षक सातपुड्यातील शाळेत पहिलीस शिकवीत आहेत. मुलांच्या घरची भाषा पावरी वा भिली, पुस्तक प्रमाण मराठीत. वर्ग गप्प राहतो. तपासणीस आलेले अधिकारी शेरेबुकात ‘वाचन असमाधानकारक’ असे लिहून परततात. शेरा खोटा नाही. पण निरुपयोगी आहे.

तेच अधिकारी तासभर वर्गात बसले, तर अडचण शब्दांच्या अर्थापाशी आहे, हे त्यांच्या ध्यानी येईल. मग शिक्षकांना एकीकडे घेऊन ते म्हणू शकतील, “गुरुजी, तुमचे कष्ट दिसतात, पण मुलांना तुमचे शब्द कळत नाहीत. त्यांच्या घरच्या शब्दांपासून आरंभ करा. तुम्हाला काय अडते तेही सांगा. महिन्याने मी पुन्हा येतो.” येथे उणीव लपविलेली नाही आणि माणसाचा पाणउताराही केलेला नाही. दोष कामाचा सांगितला, उपाय सुचविला, ऐकण्याची तयारी दाखविली. ‘पुन्हा येतो’ हे वचन मात्र पाळले गेले पाहिजे. एरवी हा उपदेशही शेऱ्याइतकाच कोरडा ठरेल.

कटू शब्द उच्चारण्याचे धैर्य आणि तो ऐकण्याचे औदार्य, दोन्ही सवयीनेच येतात. ती सवय आपण लावून घेतली नाही, तर दोन प्रौढांच्या भिडेपायी वर्ष वाया जाईल ते तिसऱ्याचेच, त्या गप्प बसलेल्या मुलाचे.