लालबागच्या गॅरेजात आमची जीप

जुन्नर तालुक्यातल्या आमच्या घरामागे, गोठ्याला लागून, एक जीप २१ वर्षे उभी होती. कोंबड्या तिच्यात अंडी घालीत. पावसाळ्यात सरपण कोरडे राहावे म्हणून आई तिच्या हौद्यात काटक्या रचून वर ताडपत्री ओढी. भंगारवाला वर्षातून दोनदा यायचा, टायरवर लाथ मारायचा, भाव सांगायचा आणि अण्णांचे तोंड पाहून निघून जायचा.

गाडी १९६८ सालची. अण्णांनी ती १९७९ साली एका ठेकेदाराकडून घेतली. त्या काळी आम्ही झेंडू आणि शेवंती करीत असू आणि फुले दादरला जात. फुलांना वजन नसते पण जागा फार लागते. जीपच्या मागच्या बाकांवर पाट्या मावेनात, म्हणून १९८३ साली अण्णांनी नारायणगावच्या वेल्डरकडून मागचा पतरा कापून घेतला आणि तिथे साडेचार फुटांचा हौदा बसवला. तळाला घरच्या बाभळीच्या फळ्या, मागे साखळीचा फाळका. कचेरीत जाऊन तो बदल गाडीच्या पुस्तकात लिहूनही आणला. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचेच काम पडले.

असे करणारे अण्णा काही पहिले नव्हेत. अमेरिकेत फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ मोटार निघाली तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनीही तिची मागची बाजू कापून लाकडी पेट्या बसवल्या होत्या. ते पाहून १९२५ साली कंपनीने स्वतःच मागे पेटी बसवलेली गाडी विकायला काढली. तिकडे आज अशा जुन्या पिकअप हौसेने नव्या करतात, रंगवतात, मिरवतात. आपल्याकडे तो मान जीपला मिळाला. दुसऱ्या महायुद्धात गाजलेली ही विलीज जीप महिंद्रांनी मुंबईत जोडायला घेतली, आणि १९४९ साली माझगावच्या कारखान्यातून ती बाहेर पडू लागली. लालबागहून माझगाव किती लांब? पायी चालत जाता येईल इतकेच. म्हणजे आमची गाडी दुरुस्तीला गेली ती एका अर्थी माहेरीच गेली.

लालबाग कसे सुचले ते सांगतो. आमचे चुलते तात्या गिरणीच्या मशीन खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो त्यांच्यापुरता कधी संपलाच नाही. हाताला काम हवे म्हणून ते लालबागमधल्या एका गॅरेजात उभे राहिले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. गिरणीतल्या कारागिरांचे हात असे कुठे कुठे पांगले, कोणी लेथवर, कोणी वेल्डिंगला. तात्यांच्या हाताखाली शिकलेला मुलगा आज त्या गॅरेजचा मिस्त्री आहे. साठी उलटली आहे त्याची, पण अण्णांपुढे अजून तो मान खाली घालून बोलतो.

गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या संक्रांतीनंतर, आम्ही जीप ट्रकवर चढवली आणि माळशेज घाटाने मुंबईस नेली. मिस्त्रीने भोवती एक फेरी मारली, बॉनेट उघडले आणि अण्णांना विचारले, “अण्णा, मिरवायची आहे का चालवायची आहे?”

“चालवायची,” अण्णा म्हणाले.

“मग रंगाचं नाव सहा महिने काढायचं नाही.”

बहुतेक लोक इथेच फसतात, असे त्याचे म्हणणे. आधी रंग, रुंद टायर, चकचकीत दिवे, आणि इंजिन तसेच. आमच्या इंजिनात पिस्टन अडकून बसले होते. मिस्त्रीने जोर केला नाही. प्लग काढून त्या भोकांतून रॉकेल आणि ऑईल मिसळून ओतले आणि आठ दिवस गाडीकडे फिरकलाच नाही. नवव्या दिवशी हँडल घालून हळूच दाब दिला, तेव्हा क्रँक बोटभर हलला. “आता येईल,” म्हणाला. मोडक्या बैलाला उठवताना आपण जसे शेपटीशी झोंबत नाही, तसेच हे.

या गाडीचे बॉनेट इतर जुन्या जीपांहून उंच असते. त्याचे कारण त्या दिवशी कळले. हिच्या पेट्रोल इंजिनात हवा आत घेणारी झडप वर डोक्यात आहे आणि धूर सोडणारी खाली ब्लॉकमध्ये. झडप वर गेली म्हणून इंजिन उंच झाले, इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच. ब्लॉक लेथवाल्याकडे गेला, चारही बोअर कापून ओव्हरसाईज पिस्टन आणि नव्या रिंगा पडल्या. धुराच्या झडपांखाली कडक पोलादाची कडी बसवली. ही इंजिने शिसे घातलेल्या पेट्रोलच्या काळातली. ते शिसे झडपेच्या बैठकीला सांभाळून घेई. देशात २००० सालापासून बिनशिशाचे पेट्रोल आले, आणि जुन्या इंजिनाची बैठक त्यावर झिजत जाते.

दुसरी गोष्ट आपल्या उसाची. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. कारखान्याला ऊस घालणाऱ्याला त्याचे सुखच आहे, आम्हीही घालतो. पण जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि कार्बोरेटरमधले रबर त्याने फुगते, मऊ पडते, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर टाकीत गंज धरतो. मिस्त्रीने सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या आणि टाकी आतून साफ करून घेतली. घरी ज्यांची जुनी पेट्रोल गाडी आहे त्यांनी एवढे तरी करावे. गळक्या नळीखाली गरम इंजिन असते, हे विसरू नये.

ब्रेकच्या बाबतीत तो हट्टाला पेटला. या जीपला चारही चाकांना मिळून एकच ब्रेक लाईन. एक नळी फुटली की चारही चाके मोकळी. माझ्या चुलतभावाने सहज वळते म्हणून तांब्याची नळी सुचवली. मिस्त्री चिडलाच. तांबे हादऱ्याने कडक होते आणि कडक झाले की तडकते. पोलादी नळ्याच पडल्या.

सुट्या भागांसाठी मी आणि चुलतभाऊ गिरगावात ऑपेरा हाऊसकडे हिंडलो. तिथे मोटारींच्या सामानाची दुकाने आहेत. मिस्त्रीची सूचना होती, जुना भाग पिशवीत घेऊन जा, तोंडी वर्णन करू नका. एका दुकानात मी ती मोडली आणि चांगल्या खोक्यातला वॉटर पंप घेऊन आलो. खोके जुन्या कंपनीचे, आत माल भलताच, भोके जुळेनात. दुकानदाराने परत घेतला नाही. मीटरची काच मात्र चोरबाजारात मिळाली, आणि तीही घासाघीस न करता, कारण ती पाहून मला इतका आनंद झाला की विकणाऱ्याने तो ओळखला.

एप्रिलमध्ये खरा पेच आला. चुलतभावाचा एक मित्र गॅरेजात आला. जुन्या मोटारींचा शौकीन, दरवर्षी मोटारींच्या मिरवणुकीला जाणारा. त्याने सांगितले की केंद्र सरकारने २०२१ साली ‘व्हिंटेज’ गाड्यांच्या नोंदणीचे नियम केले आहेत. ५० वर्षांहून जुनी गाडी त्यात बसते, जुना नंबर राखता येतो, नोंदणी १० वर्षे चालते. आमची तर ५७ वर्षांची. अशा गाडीला बाजारात किंमतही चांगली येते म्हणे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, सांगाडा किंवा इंजिन यांत बदल नको. शिवाय ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. “हा हौदा उडवा,” तो म्हणाला, “मागची मूळ बॉडी मी मिळवून देतो.”

त्याचे काही चुकत नव्हते. त्याच्या दृष्टीने अण्णांनी १९८३ साली एक चांगली जीप बिघडवली होती. मलाही क्षणभर मोह झाला, खोटे कशाला सांगू. खर्चाचा आकडा तोवर एका चांगल्या दुभत्या म्हशीच्या पलीकडे गेला होता.

अण्णा स्टुलावर बसून होते. त्यांनी हौद्याच्या कडेवरून हात फिरवला, जिथे दोरी घासून पतरा गुळगुळीत झाला आहे तिथे. “या हौद्यानं दोन मुलींची लग्नं केली,” म्हणाले. “हा काढायचा असेल तर गाडी इथंच विका. मी एस्टीने जातो.”

विषय तिथेच मिटला. चुलतभावाचे डिझेल इंजिनाचे म्हणणेही मिस्त्रीने बाजूला सारले. स्वतः कंपनीनेही पुढे ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन जीपमध्ये घातले होते, त्यामुळे तो जोड बसतो. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने परवानगीवाचून गाडीच्या मूळ रचनेत बदल करता येत नाही. मनाने केलेला बदल तपासणीत अडकतो आणि अपघात झाला तर विमेवाला हात वर करतो. आमच्या हौद्याची नोंद पुस्तकात होती म्हणून आम्ही सुटलो.

मग पतऱ्याचे काम. रंग खरवडला तेव्हा पांढऱ्याखाली निळा, निळ्याखाली हिरवा निघाला. कुजलेला पतरा कापून नवा जोडला, लांबी अगदी पातळ भरली. लांबीच्या थराखाली गंज लपवणारा पेंटर मिस्त्रीला चोरासारखा वाटतो. हौद्याच्या तळाला तो लोखंडी पतरा घालणार होता. अण्णांनी गावाहून बाभळीच्या फळ्या पाठवायला लावल्या. दोन दिवस वाद झाला आणि फळ्या बसल्या. रंग हिरवाच दिला.

त्या गल्लीत आता तीनच गॅरेज उरली आहेत. समोर टॉवर उभा राहतो आहे, पूर्वी तिथून गिरणीचे धुराडे दिसे. मिस्त्रीची जागाही पुनर्विकासात जाणार. त्याचा मुलगा बँकेत आहे. अवजारांचे काय करणार असे मी विचारले, तेव्हा त्याने तात्यांचा मायक्रोमीटर लाकडी डबीतून काढून दाखवला आणि परत ठेवून दिला.

गणपतीनंतर गाडी ट्रकवरूनच गावी आली. तपासणी झाली, २०२५ च्या वाढीव दराने पुढच्या पाच वर्षांचे शुल्क भरले, पर्यावरण कर भरला, विमा उतरवला. २ ऑक्टोबरला दसरा होता. आदल्या रात्री झेंडूच्या पाट्या भरल्या. गाडी मी चालवली. ८४ वर्षांचे अण्णा शेजारी बसले आणि माळशेजच्या प्रत्येक वळणावर “दुसरा टाक, दुसरा टाक” म्हणत राहिले. पहाटे चारला दादरच्या फुलबाजारात पोहोचलो तेव्हा गर्दी इतकी की गाडी लावायला जागा नव्हती. मी जागा शोधीत होतो, तोवर अण्णा खाली उतरले आणि त्यांनी फाळक्याची साखळी सोडली.