सहाव्या वर्षाची दाढ

मगरिबची अजान नुकतीच संपलीय. दोह्यातल्या अल अझीझियाच्या आतल्या रस्त्यांवर दिवे लागतायत, आणि बंगल्यांच्या गच्च्यांवरून टॉर्च टॉवर उजळलेला दिसतोय. पलीकडे खलिफा स्टेडियम. 1976 साली उघडलेलं हे मैदान 2022च्या विश्वचषकानंतर साऱ्या जगाला माहीत झालं. पण आम्ही चाललोय त्या गल्लीत शांतता आहे. भिंतीआड खजुराची झाडं, फाटकाजवळ चपलांचा ढीग, आणि एका दुमजली बंगल्याच्या दारावर हसऱ्या दाताचं चित्र. हा लहान मुलांच्या दातांचा दवाखाना.

सहा वर्षांच्या लेकाचा हात माझ्या हातात आहे. दुसऱ्या बाजूला सासूबाई. हिवाळ्यात त्या पांढरकवड्याहून आमच्याकडे येतात. गाडीतून उतरल्यापासून त्यांचं एकच चाललंय.

"दुधाचीच दाढ ना थे? पडून जाईन आपोआप. काहून लेकराले त्रास देता?"

"अहो आई, डॉक्टरांनाच विचारू या," मी म्हणते.

आत गारवा आहे आणि लवंगेच्या तेलाचा पुसटसा वास. टीव्हीवर अरबी कार्टून. कोपऱ्यात ठोकळे, रंगीत खडू, आणि ब्रश कसा करायचा ते शिकवायला ठेवलेला भलामोठा प्लॅस्टिकचा जबडा. अबाया घातलेली एक कतारी आई मांडीवरच्या बाळाला थोपटतेय. शेजारी एक केरळी वडील मुलीला घेऊन बसलेत. मुलगी मधूनमधून ओठ बाजूला करून आपली चंदेरी दाढ सगळ्यांना दाखवते. तिला त्या दाढेचा अभिमान आहे, हे दिसतंच.

तिच्या पलीकडे चारेक वर्षांचा मुलगा रडवेला झालाय. त्याची आई दबक्या आवाजात दम भरते, "रोओगे तो डॉक्टर सुई लगाएगी." हे वाक्य आपल्याकडेही घराघरांत ऐकू येतं. पोर जेवत नाही, पोर झोपत नाही, की डॉक्टरची सुई हजर. मग त्याच डॉक्टरसमोर पोराने निवांत तोंड उघडावं, अशी अपेक्षा कशी करायची? त्या मुलाने पाय पोटाशी घेतलेत. दवाखान्यातल्या कुणी अजून त्याला हातही लावलेला नाही.

आमचं नाव पुकारलं जातं.

डॉक्टरीणबाई दमास्कसच्या, मदतनीस कोट्टयमची. खुर्चीत बसायच्या आधीच मदतनीस लेकाच्या तळहातावर बारीक नळी धरते. नळी फुस्स करून हवा ओढते. "ये हाथी की सूंड है, पानी पीएगी." लेक हात मागे घेतो, मग स्वतःच पुढे करतो. डॉक्टर छोटा आरसा त्याच्या हातात देतात आणि त्यात त्याला त्याचंच नाक बघायला लावतात. आधी सांगायचं, मग दाखवायचं, आणि मगच करायचं. बालदंतवैद्यकात ही पद्धत 1959 साली ॲडलस्टन नावाच्या अमेरिकी दंतवैद्याने मांडली आणि आजही ती जगभर शिकवली जाते. इथे ती हिंदी, इंग्रजी आणि अरबीत एकदमच चाललीय. मधूनच माझं मराठी, "आ कर रे, मोठ्ठा आ."

तो आ करतो.

वरचा दिवा तोंडात पडतो आणि मलाही आतलं सगळं दिसतं. खाली उजवीकडे दुधाच्या दोन दाढा. त्यांच्या फटीत गेल्या भेटीत बसवलेली निळी रबरं आहेत. दोन्ही दाढांची अंगं एकमेकांना चिकटलेली होती, आणि कीड नेमकी त्या चिकटलेल्या जागी लागलेली. ब्रशचे केस तिथे पोचत नाहीत, दातांच्या फटीतून फिरवायचा दोराच पोचतो. बाहेरून दाढ धडधाकट दिसत होती, एक्स-रेमध्ये मात्र काळी सावली आली.

"आणि हे बघा," डॉक्टर आरसा थोडा आत सरकवतात. शेवटच्या दुधाच्या दाढेच्याही मागे हिरडी फुगलीय, आणि तिच्यातून दोन पांढरी टोकं वर आलीत.

"ही नवीन दाढ. ही कायमची."

सासूबाई खुर्चीजवळ येतात. "पण याची तर कोणतीच दाढ पडली नाही अजून."

मी त्यांचं म्हणणं इंग्रजीत सांगते. डॉक्टर मान डोलावतात. त्यांच्याकडे येणारे बहुतेक पालक इथेच फसतात, असं त्या म्हणतात. सहाव्या वर्षाच्या आसपास येणारी ही दाढ कुणाचीही जागा घेत नाही. ती दुधाच्या वीस दातांच्या मागे नव्या जागेत उगवते. दात पडला नाही, रक्त आलं नाही, म्हणून घरात कुणाला पत्ताच लागत नाही. दिसली तरी दुधाचीच वाटते. तिच्या चघळायच्या बाजूवर खोल खाचा असतात, आणि पूर्ण वर येईपर्यंत महिनोन्‌महिने ती इतर दातांच्या पातळीखाली राहते, म्हणून ब्रश तिच्यावरून नुसता सरकून जातो. आयुष्यभर जिच्यावर चावायचं, ती दाढ अशी पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच किडायला लागते.

आता सासूबाईंचा मूळ प्रश्न. दुधाची दाढ पडणारच असेल, तर काढूनच का टाकू नये?

डॉक्टर प्लॅस्टिकचा जबडा मागवतात आणि त्यातली दुधाची शेवटची दाढ उपसून काढतात. मग मागची दाढ बोटाने पुढे ढकलतात. ती रिकाम्या जागेत कलते. "दुधाची ही दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत राहायला हवी," त्या सांगतात. "ती जागा राखून ठेवते. आज काढली, तर मागची पुढे सरकेल, आणि खाली तयार होणाऱ्या दाताला वर यायला वाट उरणार नाही. मग वाकडे दात, मग तारा." सासूबाई जबडा हातात घेतात आणि दाढ स्वतः परत बसवून बघतात. काही बोलत नाहीत.

काम सुरू होतं. निळी रबरं निघतात. दाढांमध्ये आता बारीकशी फट आहे. लेकाला खुर्चीत जरा उठून बसवलंय, घशाच्या बाजूला कापसाची पट्टी धरलीय. डॉक्टर स्टीलच्या टोप्या एकेक करून मापून बघतात. ना सुई, ना घरघरणारं यंत्र. कीड खरवडतही नाहीत. टोपीत सिमेंट भरून ती दाढेवर घट्ट बसवायची, एवढंच.

मला हे पहिल्यांदा ऐकताना चुकीचंच वाटलं होतं. कीड आत ठेवून वर झाकण? कारण मात्र पटण्यासारखं आहे. किडीतल्या जंतूंना बाहेरून साखर मिळेनाशी झाली की कीड वाढायची थांबते. दाढेच्या आतल्या शिरेपर्यंत पोचलेली नसेल, ठणका नसेल, सूज नसेल, तेव्हाच हे करता येतं. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य बाईंनी आपल्या साध्या दवाखान्यात घाबरणाऱ्या मुलांवर वर्षानुवर्षं हा उपचार केला. पुढे डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी त्याची रीतसर चाचणी घेतली आणि 2007 साली निष्कर्ष छापले. मुलांना, पालकांना आणि दंतवैद्यांनाही नेहमीच्या फिलिंगपेक्षा ही टोपी बरी वाटली होती. तिचं नावच आता हॉल पद्धत.

"याल्ला, आता वाघासारखं चाव." लेक कापसाच्या गुंडाळीवर दात आवळतो. टोपीभोवतीची हिरडी क्षणभर पांढरी पडते. त्याचे डोळे भरून येतात, हात माझ्या ओढणीत अडकतो, पण तोंड मिटत नाही. मदतनीस मोठ्याने आकडे मोजते. बाहेर आलेलं सिमेंट पुसलं जातं, फटीतून दोरा फिरतो, आणि संपलं. चावताना काही दिवस उंच लागेल, मग जबडा सवय करून घेईल. ही टोपी दाढेबरोबरच पडेल.

नव्या दाढेच्या खाचा सीलंटने बुजवायच्या आहेत, पण ती अजून अर्धी हिरडीखाली आहे. तिथे कोरडं ठेवता येत नाही, म्हणून काही महिने थांबायचं. तोवर फ्लोराइडचं व्हार्निश. पिवळसर चिकट थर ब्रशने सगळ्या दातांवर फिरतो. आज रात्री ब्रश करायचा नाही, कडक काही खायचं नाही.

फ्लोराइड हा शब्द ऐकून सासूबाई चमकतात. "थे तर वाईट असते ना? आमच्याकडं त्याच्यानंच दात गेले लोकायचे." त्या हसतात, तेव्हा त्यांच्या पुढच्या दातांवरचे तपकिरी पट्टे दिसतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या कितीतरी गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड मर्यादेपेक्षा जास्त आहे. लिटरमागे दीड मिलिग्रॅम ही जागतिक आरोग्य संघटनेने घालून दिलेली हद्द. ती ओलांडणारं पाणी लहानपणी पोटात गेलं, की दात घडतानाच डागाळतात, आणि वर्षानुवर्षं प्यालं तर हाडंही आखडतात. सासूबाईंच्या गावातली कंबरेत वाकलेली माणसं मी पाहिलीत.

डॉक्टर त्यांच्या दातांकडे एकदाच बघतात आणि लगेच ओळखतात. मग खूप आदराने समजावतात. इथलं नळाचं पाणी समुद्राचं मीठ काढून केलेलं, त्यात मुळात फ्लोराइड जवळजवळ नसतंच. बाटलीतल्या पाण्यातही बहुधा फार कमी. म्हणून इथल्या मुलांना ते टूथपेस्टमधून मिळायला हवं. पोटात नव्हे, दातावर. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, त्यापुढे वाटाण्याएवढी. ट्यूबवर 1000 पीपीएम किंवा त्याहून जास्त लिहिलेलं असावं. थुंकायचं, पण वर चूळ भरायची नाही. आणि सात-आठ वर्षांचं होईपर्यंत ब्रश मोठ्यांनीच फिरवायचा.

खाण्याचं विचारतात तेव्हा मी सांगते. शाळेतून आल्यावर कडक चहाच्या टपरीवरचा चिप्स घातलेला पराठा, मग ज्यूस, मग एखादं चॉकलेट, संध्याकाळभर थोडंथोडं. "किती खातो यापेक्षा किती वेळा खातो ते बघा," डॉक्टर म्हणतात. गोड किंवा पिठूळ काही तोंडात गेलं की दातांवरचं आम्ल वाढतं आणि उतरायला अर्धा तास तरी लागतो. दर अर्ध्या तासाने काहीतरी तोंडात असेल, तर दाताला सावरायला वेळच मिळत नाही. वारंवार खाण्याने कीड वाढते, हे ज्ञान स्वीडनमधल्या व्हिपेहोल्मच्या, बौद्धिक अपंगत्व असलेल्यांच्या रुग्णालयातून आलंय. तिथे 1940च्या दशकात रुग्णांना त्यांची संमती न घेता चिकट टॉफ्या खायला घालून त्यांचे दात किडू दिले. त्या माणसांच्या वेदनेतून शिकलेली गोष्ट निदान आपण वाया घालवू नये, असं मला फार वाटतं. गोड खाऊ शुक्रवारी, जेवणाबरोबर, असं आमचं ठरतं.

बाहेर रिसेप्शनवर लेक टोपी दाखवत सुटलाय. चंदेरी दाढेची केरळी मुलगी गंभीरपणे तपासून मान्यता देते. तो रडवेला मुलगा पाय खाली सोडून आमच्याकडे बघतोय. लेक त्याच्यापुढे जाऊन आ करतो आणि सांगतो, "सुई नहीं है. हाथी है." मुलाची आई काही म्हणत नाही, पण त्याच्या केसांवरून हात फिरवते.

पैसे भरताना सासूबाई रिसेप्शनवरच्या जॉर्डनच्या मुलीला विचारायला लावतात की इथे पडलेल्या दाताचं काय करतात. ती सांगते, लहानपणी आम्ही तो सूर्याकडे फेकायचो आणि बदल्यात चांगला दात मागायचो. सासूबाई खूश होतात. त्यांनी आपले दात घराच्या कौलांवर फेकलेत.

पुढची भेट सहा महिन्यांनी. दुखो वा न दुखो.

तुमच्या घरी पाच-सहा वर्षांचं मूल असेल, तर आज रात्री ब्रश करताना दिव्याखाली त्याचं तोंड बघा. शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे हिरडी फुगलीय का, पांढरं काही वर येतंय का. येत असेल, तर ती दाढ दुधाची नाही, ब्रश तिच्यापर्यंत आडवा नेऊन घासा आणि दंतवैद्याला दाखवा. आणि घरात तान्हं बाळ असेल, तर पहिला दात आला की, किंवा फार तर पहिल्या वाढदिवसापर्यंत, त्याला एकदा घेऊन जा. सुईचं नाव काढू नका.