संगणक घ्यायचा, पण घरात कोणासाठी?

दहावी-बारावीचे निकाल लागले की देगलूरमध्ये आम्हाला एक प्रश्न हमखास विचारला जातो, "भाऊसाहेब, लॅपटॉप घ्यावा का डेस्कटॉप?" आम्ही कचेरीत लेखनिक, दिवसभर संगणकापुढे बसणारा माणूस यातले जाणतो अशी लोकांची समजूत आहे. आम्ही उलट विचारतो, घरात त्यापुढे बसणार कोण? या प्रश्नाला सहसा लगेच उत्तर मिळत नाही.

वाचकहो, आपल्याकडे अशी वस्तू पतसंस्थेचे कर्ज काढून किंवा भिशी उचलून, एकदाच येते. वडील थोरल्या मुलासाठी लॅपटॉप घेतात. तो पुण्याला नाहीतर नांदेडला शिकायला जातो आणि त्याच्या पिशवीतून लॅपटॉपही जातो. मागे राहतात नववीतली मुलगी, सातवीतला धाकटा आणि हप्ते! मुलीच्या हाती पुन्हा वडिलांचा मोबाईल, तोही ते कामावरून परतल्यावर. २०२० साली शाळा बंद होत्या तेव्हा एका मोबाईलवर तीन भावंडांचे वर्ग कसे चालले आणि कोणाचा वर्ग आधी बुडाला, हे ज्यांनी घरात पाहिले त्यांना आम्ही वेगळे सांगायला नको. टेबलावर ठेवलेला डेस्कटॉप मात्र कोणाच्या पिशवीतून जात नाही. म्हणून घरात दोन-तीन शिकणारी मुले असतील तर आमचा कौल डेस्कटॉपला आहे.

यावर पहिली हरकत विजेची घेतली जाते आणि ती खरी आहे. वीज गेली की डेस्कटॉप जागच्या जागी बंद पडतो. लॅपटॉपला बॅटरी असल्याने काम चालू राहते. परंतु डेस्कटॉपला साधा यूपीएस जोडला तर दहा-पंधरा मिनिटे मिळतात. तेवढ्यात लिहिलेले जतन करून यंत्र व्यवस्थित बंद करता येते. अभ्यास मात्र थांबतो, हे कबूल केले पाहिजे. ज्या वस्तीत तासन्‌तास वीज नसते तेथे लॅपटॉपचे पारडे जड होते. खर्चाचे म्हणाल तर साधा डेस्कटॉप पडद्यासह १०० वॅटच्या आसपास वीज घेतो, लॅपटॉप ५० च्या आसपास. रोज ४ तास धरले तर महिन्याला १२ युनिट आणि ६ युनिट. या फरकासाठी यंत्र बदलण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा घरातल्या प्लगला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. अनेक घरांत तिसरे छिद्र नुसते शोभेला असते!

दुरुस्तीत डेस्कटॉप गरिबाला परवडतो. कीबोर्ड बिघडला तर कीबोर्ड बदला, माऊस बिघडला तर माऊस. बाकी यंत्र तसेच राहते. लॅपटॉपवर चहा सांडला किंवा पडदा तडकला की खर्च मोठा येतो. बॅटरी तर काही वर्षांत उतरतेच. पातळ लॅपटॉपमध्ये पुष्कळदा रॅम पक्की बसवलेली असते, पुढे वाढवता येत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना आणि वर तापलेला पत्रा. उशीवर ठेवून चालवलेल्या लॅपटॉपची हवा कोंडते आणि तो आणखी तापतो.

आणखी एक गोष्ट आम्ही आमच्या धंद्यातली सांगतो. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखन मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजी ४० शब्द लागते. हा वेग बोटांच्या सवयीने येतो. मोठ्या सुट्या कीबोर्डवर, टेबल-खुर्चीवर ताठ बसून हात बसतो, मांडीवर नाही. एमएचटी-सीईटीही २०१९ पासून संगणकावर होते. परीक्षेच्या खोलीतच पहिल्यांदा माऊस धरणाऱ्या मुलीचा वेळ उत्तरापेक्षा माऊस हलवण्यातच जातो. (लॅपटॉप घेतलाच असेल तर त्याला बाहेरून कीबोर्ड आणि माऊस जोडता येतो. खर्च थोडा, उपयोग फार.)

हल्ली कंपन्यांनी काढून टाकलेले जुने डेस्कटॉप स्वस्तात मिळतात. ते घ्यायला आमची ना नाही, पण डोळे उघडे ठेवावेत. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. विंडोज ११ साठी इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा लागतो. विक्रेता "आय-फाईव्ह आहे" एवढेच सांगतो, आपण "कितव्या पिढीचा?" असे विचारावे. त्याहून जुना असेल तर त्यावर लिनक्स ही मोफत प्रणाली घालून लिहिणे-वाचणे, फॉर्म भरणे चालते. मात्र क्लासमध्ये शिकवलेले सारे त्यात तसेच्या तसे दिसणार नाही. आत एसएसडी असावी. जुन्या फिरत्या डिस्कवर यंत्र सुरू होईतो चहा होतो.

मग लॅपटॉप कोणी घ्यावा? वसतिगृहात राहणाऱ्या मुलाने किंवा मुलीने जरूर घ्यावा. महाविद्यालयात रोज न्यावा लागत असेल, एकाच खोलीत सहा माणसे राहत असून टेबलाला जागाच नसेल, तरीही लॅपटॉपच ठीक. मात्र मुलाला "त्याच्याकडे आहे म्हणून" हवा असेल तर वडिलांनी कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी एक आठवडा थांबावे.

घेताना पक्के बिल मागावे. त्यावर १८ टक्के जीएसटी, यंत्राचा अनुक्रमांक आणि हमीची मुदत लिहून घ्यावी. यंत्र घरी आल्यावर टेबल बाहेरच्या खोलीत मांडावे आणि भिंतीवर वेळापत्रक लावावे. संध्याकाळी ६ ते ८ ही वेळ मुलीची लिहावी आणि त्या वेळेत तिला भाकरी थापायला हाक मारू नये.