हिमातील चातुर्मास

पुणे, सांगली वा सोलापूरच्या पेढीवर चाळीस वर्षे काढलेले गृहस्थ निवृत्तीनंतर सपत्नीक टोरांटोला मुलाकडे जातात, तेव्हा पहिला बर्फ त्यांना सुखावतो. नातवंडांबरोबर काढलेली छायाचित्रे गावी पाठवली जातात. पुढे जानेवारी उजाडतो, बर्फ मात्र हटत नाही. मुलगा-सून कामावर, नातवंडे शाळेत, दारे-खिडक्या बंद आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. ज्यांचा दिवस गिऱ्हाईक, दलाल आणि शेजारच्या दुकानदारांशी बोलण्यात जात असे, त्यांच्या कानी तासन्‌तास माणसाचा आवाज पडत नाही. झोप वाढते, खाणे वाढते, क्षुल्लक कारणावरून शब्दाला शब्द लागतो. इंग्रजीत या अवस्थेला ‘केबिन फीव्हर’ म्हणतात. वैद्यकशास्त्रात हा स्वतंत्र रोग मानला जात नाही. पण घराची शांती तो निश्चित हिरावून घेतो.

जैन घरात यात आणखी एक भर पडते. डिसेंबरच्या अखेरीस टोरांटोत सूर्य सकाळी पावणेआठच्या पुढे उगवतो आणि दुपारी पावणेपाचच्या सुमारास मावळतो. चौविहार पाळणारे ज्येष्ठ साडेचारपर्यंत जेवून घेतात. मुलगा-सून सहा-सातला परततात. सहभोजन संपते आणि समोर पंधरा तासांची रात्र उरते. यासाठी व्रत सोडण्याचे कारण नाही; एकत्र बसण्याची दुसरी वेळ मात्र घराने ठरवून पाळली पाहिजे. रात्री आठला पंधरा मिनिटे सर्वांनी मिळून केलेली प्रार्थना हे काम उत्तम करते.

बर्फात अडकलेल्यांनी हा मार्ग पूर्वीही शोधला होता. 1819 च्या हिवाळ्यात विल्यम पॅरी यांची दोन जहाजे कॅनडाच्या उत्तरेस मेलव्हिल बेटाजवळ बर्फात रुतली. तेथे जवळजवळ तीन महिने सूर्यदर्शन नव्हते. पॅरी यांनी खलाशांना रोजचा व्यायाम लावून दिला, जहाजावर नाटके बसवली आणि एक साप्ताहिकही सुरू केले. करण्यासारखे काही हाती असल्याने त्या माणसांचे मन टिकले.

आपल्या परंपरेला हे नवे नाही. साधू-साध्वी चार महिने एकाच ठिकाणी स्थिर राहतात. पण स्वाध्याय, प्रवचन, प्रतिक्रमण यांनी त्यांचा दिवस बांधलेला असतो, म्हणून तो वास कोंडवाडा होत नाही. श्रावकाच्या बारा व्रतांतील देशावकाशिक व्रतातही मनुष्य आपल्या हिंडण्या-फिरण्याची मर्यादा स्वतः आखतो. लादलेली मर्यादा छळते, स्वीकारलेली मर्यादा बळ देते. बर्फाने घातलेली मर्यादाही अशी स्वीकारता येते. त्यासाठी दिवसाचे वेळापत्रक हवे.

सकाळी प्रथम प्रकाश हवा. अंधाऱ्या ऋतूत येणाऱ्या उदासीनतेचे वर्णन नॉर्मन रोझेनथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केले. तिच्यावर 10,000 लक्सच्या खास दिव्यासमोर सकाळी अर्धा तास बसण्याचा उपचार आज रूढ आहे. डोळ्यांचा विकार असल्यास आधी डॉक्टरांना विचारावे. 48 मिनिटांचे सामायिक खिडकीजवळ करावे. दुपारी ऊन असताना थोडे चालावे. निसरडे असेल तर मॉलमध्ये किंवा टोरांटो शहराच्या मध्यभागी असलेल्या, 30 किलोमीटरहून लांब ‘पाथ’ या भुयारी मार्गात चालता येते. बर्फ उपसण्याचे काम मात्र ज्येष्ठांनी उत्साहाने अंगावर घेऊ नये. थंडीत एकाएकी केलेले श्रम हृदयाला झेपत नाहीत.

टोरांटोत हिवाळ्यात सकाळचे आठ वाजतात तेव्हा भारतात संध्याकाळचे साडेसहा झालेले असतात. जुन्या सोबत्यांशी बोलण्यास ही वेळ सोयीची. संध्याकाळी आजोबांनी नातवंडांना पावकी-निमकी शिकवावी, आजीने नवकार आणि मराठी अक्षरे. मुलांनीही आई-वडिलांना केवळ घर राखणारे समजू नये. घरातील एखादा निर्णय, एखादा हिशेब त्यांच्यावर सोपवावा. पेढी सांभाळलेल्या माणसाला विश्रांतीपेक्षा आपली गरज आहे, ही जाणीव अधिक हवी असते.

एवढे करूनही दोन आठवडे उदासी हटली नाही, अन्न-झोप बिघडली किंवा जगणे नकोसे झाल्याचे शब्द तोंडी आले, तर ते वयावर वा स्वभावावर न ढकलता तातडीने डॉक्टरांकडे जावे.

तिकीट काढतानाही विचार व्हावा. पहिली भेट मे ते सप्टेंबर या काळातील असावी. रस्ते, मंदिर आणि चार शेजारी उन्हाळ्यात ओळखीचे झाले, तर पुढचा हिवाळा तितका परका राहत नाही.