खवल्यांची साक्ष

भंडारा हा तलावांचा जिल्हा. त्यातल्या पवनी तालुक्यातील आसगावासारख्या गावी मासळी विकायला आली, की पाटीत काय काय दिसते? चकचकीत खवल्यांचे रोहू, कटला आणि मृगळ, काळपट रंगाचा मरळ आणि त्यांच्याच शेजारी लांब मिशांचा, बुळबुळीत अंगाचा मागूर. रोहू साफ करायला घेतला की खवल्यांचा सडा पडतो. मागुराचा मात्र एकही खवला निघत नाही. उलट तो हातातून निसटू नये म्हणून हाताला राख लावावी लागते.

एका माशाला खवले आणि दुसऱ्याला नाहीत, असे का बरे? आणि एवढ्याशा फरकावरून महाराष्ट्रातल्या एका समाजाची ओळख पटली, असे सांगितले तर तुम्हाला खरे वाटेल काय? ती हकिकत आधी ऐका. मग आपल्या तलावातल्या माशांकडे परत येऊ.

शनिवार तेली

कोकणातल्या रायगड जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या कुलाबा जिल्ह्यात, घाणीवर तेल गाळणारे काही लोक राहत असत. बोली मराठी, बायकांचे नेसणे नऊवारी, आडनावे किहिमकर, पेणकर, रोहेकर अशी गावांवरून पडलेली. मात्र शनिवारी त्यांची घाणी बंद असे. त्यामुळे गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. ते स्वतःला ‘बेने इस्रायल’, म्हणजे इस्रायलची मुले, म्हणवीत.

त्यांच्या परंपरेनुसार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले आणि पुढे हिब्रू भाषाही विसरली गेली. उरले ते एका प्रार्थनेचे शब्द, शनिवारचा विसावा, मुलांची सुंता आणि खाण्याचे काही नियम.

पुढे डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू गृहस्थ कोकणात आला. तो केव्हा आला याविषयी एकमत नाही. समाजाची परंपरा तो काळ फार मागे नेते, तर बऱ्याच इतिहासकारांच्या मते तो अठराव्या शतकातला, कोचीनच्या रहाबी घराण्यातला असावा. हे लोक खरोखर ज्यू आहेत काय, हे पाहण्यासाठी त्याने म्हणे तिथल्या स्त्रियांपुढे निरनिराळ्या जातींची मासळी ठेवली आणि ती रांधायला सांगितली. स्त्रियांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे निवडले आणि बाकीचे बाजूला सारले. हे आम्ही खात नाही, असे त्यांनी सांगितले. रहाबीची खात्री पटली. पुस्तक हरवले होते, पण त्यातला एक नियम स्वयंपाकघरात शाबूत होता. आई मुलीला मासा ओळखायला शिकवीत आली आणि तो नियम पिढ्यानुपिढ्या टिकला.

नियम आणि त्याचे शब्द

हा नियम आहे ज्यूंच्या ‘तोरा’ या धर्मग्रंथात. तोराच्या पाच पुस्तकांपैकी लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात तो येतो. पाण्यातल्या ज्या प्राण्यांना पर आणि खवले ही दोन्ही असतील ते खावेत, इतर खाऊ नयेत, असा त्याचा आशय. म्हणजे रोहू चालतो, बांगडा चालतो. मागूर, कोळंबी, खेकडा चालत नाही. ग्रंथात माशांची नावे दिलेली नाहीत, दिली आहेत ती लक्षणे. त्यामुळे ज्या माशाचे नावही कधी ऐकले नाही, त्यालाही नियम लावता येतो.

पण खवला कशाला म्हणायचे? मूळ हिब्रू शब्द आहे ‘कसकेसेत’. तालमूद या ग्रंथातल्या पंडितांनी त्याचा अर्थ कसा लावला, पाहा. दाविदाशी लढणाऱ्या गल्याथाच्या चिलखताच्या वर्णनात हाच शब्द येतो. तेव्हा चिलखताच्या पत्र्यांसारखे अंगावर बसवलेले ते खवले, असे त्यांनी ठरवले. तेराव्या शतकात स्पेनमधील नाहमानिदीस या पंडिताने आणखी काटेकोर कसोटी दिली. हाताने किंवा सुरीने कातडीपासून सुटा होतो तोच या नियमातला खवला. कातडीला पक्का चिकटलेला असेल तो धरायचा नाही.

आता कोकणातली मुशी घ्या. मुशी म्हणजे लहान शार्क. तिच्या अंगावरून शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर खरकागदासारखे खरखरीत लागते. भिंगाखाली तिथे बारीक दातांसारखे खवले दिसतात आणि त्यांची रचनाही खरोखर दातासारखीच असते. पण ते कातडीत रुतलेले असतात, सुटत नाहीत. जीवशास्त्र त्यांना खवले म्हणते, जुनी कसोटी म्हणत नाही. पाहणी दोघांचीही बरोबर आहे, व्याख्या मात्र वेगळ्या आहेत.

एक धाडसी विधान

इसवी सन २००च्या सुमारास संकलित झालेल्या ‘मिश्ना’ या ग्रंथात आणखी एक विधान आहे. ज्याला खवले असतात त्याला पर असतातच. पर असून खवले नसणारे मात्र असतात. हे विधान धर्माज्ञेसारखे नाही, सृष्टीविषयीचे आहे. म्हणून ते तपासता येते. आज माशांच्या ३० हजारांहून अधिक जाती ठाऊक आहेत. त्यांच्यापुढे हे विधान टिकते काय?

बहुतेक ठिकाणी ते आश्चर्य वाटावे इतके टिकते. पण बंगाल-आसामकडच्या चिखलात राहणारा कुचिया नावाचा सापासारखा मासा पाहा. त्याच्या अंगावर छातीचे पर नाहीत आणि पोटाचेही नाहीत. पाठीवर आणि शेपटीकडे पराच्या जागी केवळ कातडीची बारीक घडी असते. तरीही त्याच्या कातडीत अगदी सूक्ष्म खवले असतात! मग विधान खोटे ठरले का? जीवशास्त्राच्या व्याख्येने पाहिले तर ते अडचणीत येते. नाहमानिदीसच्या कसोटीने पाहिले तर नाही, कारण कुचियाचे खवले कातडीत गाडलेले असतात, खरवडून निघत नाहीत. ‘खरे की खोटे’ हे ठरवण्याआधी शब्दाचा अर्थ ठरवावा लागतो, तो असा.

आसगावची परीक्षा

नियमामागचे कारण काय असावे, याचाही नाहमानिदीसने विचार केला. त्याच्या मते खवले-परांचे मासे वरच्या, स्वच्छ पाण्यात वावरतात आणि बाकीचे खालच्या गढूळ पाण्यात. तोरात हे कारण दिलेले नाही, तो त्याचा तर्क होता. हा तर्क तपासायला आसगावच्या पाटीतली मासळी पुरेशी आहे.

मत्स्यसंवर्धनाच्या पुस्तकात तुम्हाला आढळेल, की कटला पाण्याच्या वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. तिघांनाही खवले आहेत! मरळ तर गढूळ, चिखलाच्या पाण्यातही मजेत राहतो. कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत तो हवेतला प्राणवायू घेतो. त्यालाही ठळक खवले आहेत. मागूरही तसाच चिखलात राहतो. त्याला कल्ल्यांच्या वर झाडाच्या फांद्यांसारखे जादा श्वसनेंद्रिय असते, म्हणून उन्हाळ्यात तलाव आटला तरी ओल्या चिखलात तो तग धरतो. पण त्याला खवले नाहीत. उलट समुद्रात वरच्या स्वच्छ पाण्यात फिरणाऱ्या कित्येक शार्कना सुटे खवले नसतात. तेव्हा खवल्यांचा संबंध पाण्याच्या थराशी नाही.

मग कशाशी? मुख्यतः कुळाशी. मागूर, शिंघी आणि कोकणातला शिंगाळा हे एकाच गणाचे मासे. या गणाच्या पूर्वजांनी उत्क्रांतीच्या ओघात खवले गमावले. जाड, श्लेष्मल कातडी आणि काहींत परांचे टोकदार काटे यांवर त्यांचे संरक्षण चालते. मरळाचे कूळ निराळे, त्याचे खवले टिकले.

तोराचा नियम ही एक चाळणी आहे. तिच्यातून बाजूला पडलेल्या ढिगात मागूर, मुशी, कोळंबी, तिसऱ्या आणि देवमासासुद्धा येतो. पण हे एकमेकांचे आप्त नव्हेत. जीवशास्त्राचे वर्गीकरण नाते शोधते. चाळणीला ‘खावे काय’ हे विचारायचे आहे, जीवशास्त्राला ‘कोण कोणाचा’ हे. म्हणूनच प्राचीन ग्रंथात आधुनिक विज्ञान शोधत बसू नये आणि जुन्या लोकांना काही कळत नव्हते असेही म्हणू नये. मागूर ज्यूंना वर्ज्य आहे म्हणून तो वाईट अन्न ठरत नाही. आणि मासा लक्ष देऊन पाहायला त्या स्त्रियांना कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडली नाही.

करून पाहा

रोहूचे चार-पाच मोठे खवले घ्या. साबणाच्या कोमट पाण्यात धुऊन पुसा, दोन काचपट्ट्यांमध्ये ठेवा आणि उजेडाकडे धरून भिंगातून पाहा. एकात एक अशी अनेक वलये दिसतील. माशाच्या अंगावरचे खवले बहुधा तेवढेच राहतात आणि मासा वाढतो तसे तेही वाढतात. वाढ मंदावली की वलये दाट होतात. थंड प्रदेशात अशा दाट पट्ट्या मोजून माशाचे वय ठरवतात. आपल्याकडे त्या तितक्या स्पष्ट नसतात. एखाद्या खवल्याचा मध्य वलयांविना धुरकट दिसला, तर समजा, मूळ खवला गळून तिथे नवा उगवला आहे.

मग वहीत चार रकाने आखा: माशाचे नाव, पर, खवले, राहण्याचा थर. बाजारात दिसेल तो प्रत्येक मासा त्यात नोंदवा. जिवंत मागूर आणि शिंघीला मात्र हात लावू नका, त्यांच्या काट्याने फार वेदना होतात. विकणाऱ्या मावशींनाच विचारा, त्यांना तुमच्या-आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. महिन्याभराने वही वर्गात उघडा आणि नाहमानिदीसचा तर्क तुमच्या तलावाला लागू पडतो का, ते गुरुजींसमोर तुम्हीच सिद्ध करून दाखवा.