अभ्यासाची गोडी आणि वर्गाची मांडणी

विद्यार्थ्याचे अभ्यासाविषयीचे औदासीन्य हा त्याच्या स्वभावाचाच दोष मानून शिक्षा आणि बक्षीस यांवर भिस्त ठेवण्याची आपली वहिवाट जुनी असली, तरी बेंगळुरूच्या सरकारी कन्नड प्राथमिक शाळांतील ‘नली-कली’ पद्धती दोष अन्यत्र, वर्गाच्या मांडणीत, शोधावयास लावते. 1995 साली मैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली शाळेच्या प्रयोगापासून स्फूर्ती घेऊन युनिसेफच्या साहाय्याने सुरू झालेल्या आणि पुढे कर्नाटकभर पसरलेल्या या पद्धतीत निरनिराळ्या इयत्तांची लहान मुले गटागटाने एकत्र बसतात. शिकण्याच्या पायऱ्या दाखविणाऱ्या शिडीच्या तक्त्यावर आपली पायरी प्रत्येक मूल स्वतः ओळखते, त्या पायरीचे कार्ड उचलते, आणि गैरहजर राहिलेले मूल जेथे थांबले होते तेथूनच पुढे जाते. ही शेवटची तजवीज मला विशेष मोलाची वाटते. मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना तिचा केवढा आधार!

डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांनी आंतरिक प्रेरणेच्या मुळाशी स्वायत्तता, क्षमतेची प्रचीती आणि आपुलकी या गरजा मानल्या; नली-कलीची मांडणी त्यांनाच वाव देते. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या डेसींच्या प्रयोगात तर कोडी सोडविण्याबद्दल पैसे मिळालेल्या विद्यार्थ्यांचा, पैसे थांबताच, त्या कोड्यांतील रस उणावला. मात्र नली-कलीच्या वर्गातही शिक्षकाजवळ प्रत्येक मुलासाठी वेळ नसेल, तर कार्डांची केवळ कवाईत उरते. म्हणून शिक्षकांवरील कारकुनी कामाचा बोजा सरकारने प्रथम उतरवावा.