सुरुवातीला की शेवटी? वेगवान तरुण पिचरचं काय करायचं

आजचा विषय बेसबॉलचा आहे, म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांनी मैदानावर जाऊन कधीच न पाहिलेल्या खेळाचा. पण प्रश्न ओळखीचा वाटेल. संघाकडे विशीतला एक पोरगा आहे. तो ताशी 100 मैल, म्हणजे साधारण 160 किलोमीटर वेगाने चेंडू फेकतो. असे हात फार थोडे असतात आणि ते दुखावतातही लवकर. मग त्याला पाच दिवसांतून एकदा भरपूर वापरायचं, की दर दोन दिवसांनी थोडंथोडं? अमेरिकेतल्या प्रत्येक संघात या प्रश्नावर वर्षानुवर्षं वाद होतात. त्यात सामने पणाला लागतात, आणि त्या मुलाचं खांदा-कोपर आणि उभ्या आयुष्याची कमाईही.

आधी खेळाची तोंडओळख करून घेऊ. सामना नऊ इनिंगचा. प्रत्येक इनिंगमध्ये समोरच्या संघाचे तीन गडी बाद करायचे. चेंडू टाकणारा तो पिचर. सामना सुरू करतो तो स्टार्टर. तो थकला किंवा मार खायला लागला की मैदानाच्या कडेच्या बुलपेनमधून, म्हणजे राखीव पिचर हात गरम करतात त्या जागेतून, दुसरा येतो, तो रिलीव्हर. आघाडी थोडी असताना शेवटची इनिंग सांभाळायला जो येतो, त्याला क्लोजर म्हणतात. क्रिकेटपेक्षा एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवायचा: एकदा बाहेर गेलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. बुमराहला सुरुवातीला दोन षटकं देऊन शेवटी पुन्हा बोलावता येतं, तशी सोय इथे नाही. म्हणून सुरुवात की शेवट, हे आधीच ठरवावं लागतं.

आता साधा हिशेब मांडू. एका मोसमात संघाचे 162 सामने, म्हणजे साधारण 1,450 इनिंग. चांगला स्टार्टर 30-32 सामने सुरू करतो आणि 170-180 इनिंग टाकतो. चांगला रिलीव्हर 60-70 सामन्यांत येतो, पण त्याच्या इनिंगही तेवढ्याच, साठ-पासष्ट. म्हणजे संघाच्या कामाचा आठवा हिस्सा एकटा स्टार्टर उचलतो आणि रिलीव्हर बाविसावा.

यावर कोणीही म्हणेल, अहो, पण शेवटची इनिंग महत्त्वाची असते! बरोबर आहे. एका धावेची आघाडी असताना नववी इनिंग आणि पाच धावांची आघाडी असताना तिसरी इनिंग यांचं मोल एक नाही. समजा, क्लोजरची प्रत्येक इनिंग आपण दुप्पट मोलाची धरली. तरी पासष्टाच्या एकशे तीसच होतात. शिवाय एका इनिंगपुरता जोर लावू शकणारे पिचर बरे मिळतात. सहा इनिंग टिकणारे मिळत नाहीत.

बाजारभावही हेच सांगतो. 2022 च्या नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्क मेट्सने एडविन डियाझला पाच वर्षांसाठी 10.2 कोटी डॉलर दिले. रिलीव्हरला 10 कोटींच्या वर रक्कम मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्याच्या तीन वर्षं आधी यांकीज संघाने स्टार्टर गेरिट कोलला नऊ वर्षांसाठी 32.4 कोटी डॉलर दिले होते. तेव्हा पोराला बुलपेनमध्ये पाठवणं हा नुसता डावपेच नसतो, त्याच्या भविष्यातल्या कमाईला लावलेली कात्रीही असते.

मग संघ तरुण वेगवान पिचरला रिलीव्हर का करतात? कारणं खरी आहेत, ती नीट समजून घेऊ.

पहिलं कारण वेग. एकच इनिंग टाकायची आहे हे ठाऊक असलेला पिचर पहिल्या चेंडूपासून सगळं ओततो. तोच माणूस स्टार्टर असतो त्यापेक्षा रिलीव्हर म्हणून साधारण एक-दोन मैल जास्त वेगाने टाकतो.

दुसरं कारण ओळख. नऊ बॅटरांची फळी एकदा संपली की पहिला बॅटर पुन्हा समोर येतो. दुसऱ्यांदा त्याने चेंडू पाहिलेला असतो, तिसऱ्यांदा तर तो वाटच बघत असतो. आपल्याकडे फलंदाजाचा 'जम बसला' म्हणतात ना, तसं. जसजशा फेऱ्या वाढतात तसतसे बॅटर वरचढ होतात, हे आकड्यांनी वारंवार दाखवलं आहे. रिलीव्हरवर ही वेळच येत नाही.

तिसरं कारण शस्त्रं. नुसता वेगवान चेंडू आणि एक वळणारा स्लायडर एवढ्यावर एक इनिंग निभते. फळी तीनदा सांभाळायची तर तिसरं काहीतरी लागतं. बहुधा तो चेंजअप असतो, म्हणजे हात त्याच झटक्याने फिरतो पण चेंडू हळू येतो. उजव्या हाताच्या पिचरला डावखुऱ्या बॅटरपुढे याची विशेष गरज पडते. आणि तिसरं शस्त्र घासायला सराव लागतो, मार खावा लागतो. एका धावेच्या आघाडीवर नवव्या इनिंगमध्ये कोणता क्लोजर अर्धाकच्चा चेंडू टाकून बघेल? कोणीच नाही. आमच्या मते गोम इथेच आहे: बुलपेनमध्ये गेलेला पोरगा आज उपयोगी पडतो, पण त्याचं शिकणं तिथेच थांबतं.

मग हात वाचतो का? इनिंग कमी म्हणजे इजा कमी, असं वाटतं खरं. पण रिलीव्हर प्रत्येक चेंडू पूर्ण ताकदीने टाकतो, लागोपाठच्या दिवशी येतो, आणि कित्येकदा बुलपेनमध्ये हात गरम करून न खेळताच बसतो. 2024 च्या डिसेंबरमध्ये मेजर लीगने स्वतः पिचरांच्या दुखापतींवर अहवाल काढला. त्यात वेगाचा हव्यास आणि प्रत्येक चेंडू जिवाच्या आकांताने टाकण्याची सवय यांच्याकडेच बोट दाखवलं होतं. तेव्हा 'हात वाचवायला रिलीव्हर करतो' हे कारण ऐकलं की आपण जरा सावध व्हावं.

आता माणसांकडे वळू. जोबा चेंबरलेन, नेब्रास्काचा मुलगा. कॉलेजात आणि मायनर लीगमध्ये स्टार्टर. 2007 च्या ऑगस्टमध्ये यांकीजना आठव्या इनिंगसाठी माणूस हवा होता, म्हणून 21 वर्षांच्या जोबाला रिलीव्हर म्हणून वर आणलं. त्याने 19 सामन्यांत 24 इनिंग टाकल्या, 34 बॅटर स्ट्राइकआउट केले, आणि त्याच्या खात्यावर अर्जित धाव लागली फक्त एक. न्यूयॉर्क वेडं झालं. त्याला जपायला संघाने नियम केले: एक इनिंग टाकली की एक दिवस सुट्टी, दोन टाकल्या की दोन. 'जोबा रूल्स' म्हणून ते गाजले.

मग सुरू झाली ओढाताण. 2008 ची सुरुवात बुलपेनमध्ये, जूनपासून स्टार्टर, ऑगस्टमध्ये खांदा दुखावला. 2009 मध्ये 31 सामने सुरू केले, पण मोसमाच्या शेवटाकडे इनिंग मोजून त्याला लवकर बाहेर काढू लागले. सरासरी 4.75, म्हणजे नऊ इनिंगमागे पावणेपाच धावा. साधारणच. 2010 ला पुन्हा बुलपेन. 2011 मध्ये कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे तुटलेल्या अस्थिबंधाच्या जागी दुसरीकडचा स्नायुबंध बसवणं. 2016 नंतर तो मेजर लीगमध्ये दिसला नाही. अदलाबदलीमुळेच हे झालं, असं आम्ही म्हणणार नाही. खांदा कोणत्याही वाटेवर दुखावला असता कदाचित. पण एवढं नक्की की कुठलंही एक काम सलग शिकायला त्याला निवांत वेळ मिळाला नाही. निर्णय दर वेळी त्या महिन्याच्या गरजेने झाला.

अरोल्डिस चॅपमनचंही तसंच. क्यूबात तो स्टार्टर होता. सिनसिनाटी रेड्सकडे आल्यावर 2010 च्या सप्टेंबरमध्ये त्याने 105.1 मैलांचा चेंडू टाकला. 2012 च्या सरावात त्याला स्टार्टर म्हणून तयार करत होते, तेवढ्यात संघाचा नवा क्लोजर जायबंदी झाला आणि चॅपमन बुलपेनमध्ये गेला. तिथे तो इतका यशस्वी झाला की परतीचा रस्ताच बंद झाला. मेजर लीगमध्ये त्याने आजवर एकही सामना सुरू केलेला नाही. तो अपयशी ठरला असं कोण म्हणेल? पण स्टार्टर म्हणून काय झाला असता, ही परीक्षा झालीच नाही.

आता उलट बाजू. पेद्रो मार्टिनेझ 1993 साली लॉस एंजलिस डॉजर्सकडे रिलीव्हर होता. अंगकाठी लहान, स्टार्टरचं ओझं पेलणार नाही, असा संघाचा समज. त्यांनी त्याला माँट्रियलला देऊन टाकलं. तिथे तो स्टार्टर झाला. 1997 मध्ये 241 इनिंग, सरासरी 1.90, आणि वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचं साय यंग पारितोषिक. पुढे बॉस्टनकडून आणखी दोनदा ते मिळवलं.

ख्रिस सेल दोन मोसम रिलीव्हर होता, 2012 मध्ये त्याला स्टार्टर केलं. मे महिन्यात कोपर दुखलं आणि शिकागो व्हाइट सॉक्सने जाहीर केलं, आता हा क्लोजर. सेलला ते मान्य नव्हतं, त्याने तसं सांगितलं. कोपराची तपासणी झाली, काळजीचं काही निघालं नाही, आणि काही दिवसांत तो पुन्हा स्टार्टर. त्या मोसमात त्याने 192 इनिंग टाकल्या आणि 17 सामने जिंकले. 2024 मध्ये, पस्तिशीत, त्याने साय यंग मिळवलं. मधल्या काळात टॉमी जॉन शस्त्रक्रिया त्यालाही चुकली नाही, हेही सांगायला हवं.

सगळ्यात ताजं उदाहरण गॅरेट क्रोशेचं. 2021 मध्ये पूर्ण रिलीव्हर, 2022 मध्ये शस्त्रक्रिया. 2024 च्या पहिल्याच दिवशी त्याने मेजर लीगमधला आपला पहिला सामना सुरू केला. त्याआधीच्या सगळ्या वर्षांच्या मिळून त्याच्या इनिंग होत्या 73. त्या एका मोसमात त्याने 146 टाकल्या. उत्तरार्धात त्याला दर सामन्याला थोड्याच इनिंग दिल्या, पण काम बदललं नाही. हा फरक महत्त्वाचा आहे. जोबाच्याही इनिंग मोजल्या गेल्या होत्या, पण जोडीला भूमिकाही हलत होती. 2025 मध्ये बॉस्टनकडून क्रोशेने 205 इनिंग टाकल्या. त्याच वर्षी त्याच्याशी सहा वर्षांचा 17 कोटी डॉलरचा करार झाला.

मग प्रत्येकाला स्टार्टरच करायचं का? नाही. मारियानो रिव्हेरा बघा. 1995 मध्ये यांकीजनी त्याला दहा सामने सुरू करू दिले, त्या मोसमाची सरासरी 5.51. पुढच्या वर्षी तो बुलपेनमध्ये गेला आणि अखेर 652 सामने राखून निवृत्त झाला. हॉल ऑफ फेममध्ये एकमताने निवडला गेलेला तो पहिला खेळाडू. पण क्रम लक्षात घ्या: आधी संधी, मग निर्णय.

आणि डॅनियल बार्ड. मायनर लीगमध्ये स्टार्टर म्हणून त्याचा नेम पार सुटला होता, रिलीव्हर झाल्यावर सावरला. 2010 मध्ये बॉस्टनकडून सरासरी 1.93. तरी 2012 मध्ये त्याला पुन्हा स्टार्टर केलं. 59 इनिंगमध्ये 43 बॅटरांना फुकट बेस दिला. जूनमध्ये त्याला मायनर लीगला पाठवलं. 2013 नंतर तो मेजर लीगमधून बाहेर पडला, तो थेट 2020 मध्ये परतला. एकदा परीक्षेतून सापडलेलं उत्तर कारणाशिवाय खोडू नये, हे बार्ड शिकवतो.

इथे एक शंका हमखास निघते: हल्ली स्टार्टर तरी कुठे लांब जातात? खरं आहे. 2024 मध्ये 200 इनिंग गाठणारे सगळ्या मेजर लीगमध्ये चौघेच होते. 2018 पासून टँपा बे संघाने तर पहिल्या इनिंगलाच रिलीव्हर आणायची युक्ती सुरू केली. पण स्टार्टर दुर्मीळ झाले म्हणजे त्यांची किंमत वाढली, कमी नाही झाली.

तर आमचं म्हणणं एवढंच. वेगवान पोराला आधी स्टार्टर म्हणून वाढवा. तिसरा चेंडू जमत नाही, नेम टिकत नाही, चौथ्या इनिंगला वेग गळतो, हे पुरेशा काळाने दिसलं तर बुलपेन आहेच, आणि तिथलं कामही मानाचं आहे. स्टार्टरचा रिलीव्हर कधीही करता येतो. उलटा प्रवास होतो, पण त्याला वर्षं लागतात आणि धीर लागतो. ओझं कमी करायचं असेल तर इनिंग कमी करा, भूमिका दर महिन्याला बदलू नका. आणि त्या पोराला विचारा. सेलने तोंड उघडलं म्हणून त्याचं ऐकलं गेलं. एकवीस वर्षांचा नवखा मुलगा बहुधा गप्पच बसतो, कारण मेजर लीगमध्ये यायला मिळतंय हेच त्याला खूप असतं. ऑगस्टमध्ये संघाला एका इनिंगची निकड असते, आणि त्याच्यापुढे पंधरा वर्षं असतात. निर्णय घेणाऱ्याने त्या दोन्हींकडे बघायचं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.